दात उपटणे म्हणजे उपचार नव्हे!

आमच्या वस्त्यांतील आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या मिश्री लावत आल्या. भाजलेल्या तंबाखूची ही पूड भूक मारते, थकवा विसरायला लावते आणि हळूहळू हिरडीच खाते. हिरडी मागे सरकते, दाताचे मूळ उघडे पडते, गार पाणी झोंबते, शेवटी दात हलू लागतो. मग सरकारी दवाखान्यात बहुधा इलाज एकच: उपटा!

सरकलेली हिरडी आपोआप परत वाढत नाही, हे खरे. पण विज्ञान तिथे थांबलेले नाही. टाळूतील ऊतीचा पातळ तुकडा घेऊन तो उघड्या मुळावर बसवण्याची शस्त्रक्रिया कित्येक दशके रूढ आहे. २००१ साली फ्रान्समधील डॉ. जोसेफ शुक्रून यांनी आणखी एक वाट दाखवली. रुग्णाचेच थोडे रक्त नळीत घेऊन लगेच यंत्रात वेगाने फिरवायचे आणि त्यातून तयार होणारी फायब्रिनची जाळी हिरडीखाली बसवायची. जखम भरण्यास तिची मदत होते. डॉक्टर तिला पीआरएफ म्हणतात. मात्र दोन दातांमधले हाड झिजून गेले, तर मूळ पूर्ण झाकले जात नाही. तंबाखू सुटली नाही, तर यशही घटते. म्हणूनच इलाज वेळेत मिळाला पाहिजे.

आता आमचा सवाल. टाळू रुग्णाची, रक्तही रुग्णाचेच. परदेशी महागडा माल लागत नाही. हिरड्यांचे तज्ज्ञ मुंबई-नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत जनतेच्या पैशावर तयार होतात. मग ही विद्या तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत का पोहोचत नाही? पैसेवाल्याला नवी हिरडी आणि मजुराला पक्कड, हे दातांतले चातुर्वर्ण्यच नव्हे काय? 'व्यसन तुमचे, भोगा तुम्ही' असे म्हणून शासनाला हात झटकता येणार नाहीत.

संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवते. कामगाराच्या आरोग्याचा हक्क कलम २१ मध्ये येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले. त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. उपचार ही भीक नव्हे, हक्क आहे, हा आमचा वारसा आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्हा रुग्णालयाला विचारावे: गेल्या वर्षी दात किती काढले आणि हिरड्यांच्या शस्त्रक्रिया किती केल्या? ते आकडे घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्यावे. जयंती समित्यांनी येत्या १४ एप्रिलला डीजेचा खर्च कमी करून दंत तपासणी शिबिर घ्यावे. मिश्रीची डबी आम्ही फेकून देऊ. शासनाने पक्कड खाली ठेवावी!

जयभीम!