पाचवीतले निरक्षर

शाळेच्या पटावर नाव आहे, हजेरी लागते आहे, पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळाली आहेत. तरीही पाचवीत बसलेल्या मुलाला दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नाही. २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या ‘असर’ पाहणीने २०२४ मध्ये हेच पुन्हा दाखवून दिले. तिसरीच्या अवघ्या २७.१ टक्के, तर पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांना तो मजकूर वाचता आला. करोनाकाळातील शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये तिसरीचा आकडा २०.५ पर्यंत घसरला होता. त्या तुलनेत ही प्रगतीच, असे म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांनी २०१८ चा आकडाही पाहावा. तो २७.३ होता. सहा वर्षांनंतर गाडी पूर्वीच्याच स्थानकावर उभी आहे.

हा प्रश्न खेड्यातला, सरकारी शाळांतला, अशी समजूत करून घेऊन शहरी मध्यमवर्ग स्वस्थ राहतो. वस्तुतः या आकड्यांत खासगी शाळांतील मुलेही आहेत. आणि शहरातील सुशिक्षित घरांचे चित्र तरी काय आहे? ज्या भाषेतले एक वाक्यही घरात बोलले जात नाही, त्या भाषेच्या शाळेत तीन वर्षांच्या बालकाला बसवले जाते. पुढे ते ओळच्या ओळ खडाखडा म्हणून दाखवते, आई-वडील कृतार्थ होतात. पण त्या ओळीचा अर्थ विचारला की मूल गप्प होते. मराठी वृत्तपत्राचा मथळा मात्र त्याला अक्षर अक्षर जुळवत वाचावा लागतो. आजीने नातवासाठी जपलेली पुस्तके कपाटातच राहतात. एका भाषेचा अर्थ लागत नाही, दुसरीची अक्षरे लागत नाहीत. यालाच उत्तम शिक्षण म्हणायचे काय?

इंग्रजी यावी, उत्तम यावी, याविषयी दुमत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. वाचणे म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या चिन्हांतून कानांच्या परिचयाचा शब्द ओळखणे. जो शब्द कानावर कधी पडलाच नाही, तो ओळखायचा कसा? त्यातही देवनागरीसारखी उच्चारानुसारी लिपी आपल्याला लाभली आहे. म, क, न, ल ही चार अक्षरे आणि एक काना एवढ्या भांडवलावर नाक, कान, काका, मामा, लाल, काम असे कितीतरी शब्द मूल स्वतः वाचू शकते. इतकी सुगम वाट दारात असताना आडवाटेने नेऊन लेकराला दमवण्याचा अट्टहास कशासाठी?

मात्र परंपरेच्या नावाखाली बाराखडीची घोकंपट्टी करून घेणे, हाही उपाय नव्हे. सुरात बाराखडी म्हणणारे मूल मधल्याच अक्षरावर बोट ठेवले की अडखळते. ते गाणे म्हणत असते, वाचत नसते. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि गोष्टीला शिक्षणात मानाचे स्थान दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभारले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडला आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात गेली. या ध्येयनिष्ठांपाशी ना संगणक होते, ना वातानुकूलित वर्ग. मुलाच्या भाषेविषयी आदर मात्र होता.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मूल अर्थ समजून वाचेल, असे उद्दिष्ट ठेवले. धोरण योग्य आहे. पण शिक्षकाला वर्गाबाहेरच्या कागदपत्रांत गुंतवून ठेवायचे आणि उद्दिष्टाचे फलक लावायचे, हा विरोधाभास शासनाने संपवला पाहिजे. पहिली-दुसरीचा वर्ग सर्वांत अनुभवी शिक्षकाच्या हाती असला पाहिजे.

तथापि सारे खापर शासनाच्या माथी फोडून घराची जबाबदारी संपत नाही. सायंकाळी शुभंकरोतीनंतर वीस मिनिटे दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद ठेवून मुलाला जवळ घ्यावे. पुस्तक दोघांच्या समोर असावे, बोट शब्दाखाली सरकावे, मूल अडले तर थांबावे; रागावू नये. ज्या घरात वडीलधारी मंडळीच पुस्तक उघडत नाहीत, तेथे मुलाने वाचावे ही अपेक्षा अनाठायी आहे. आणि ज्या वस्तीत आई-वडिलांनाच अक्षरओळख नाही, तेथे कार्यकर्त्यांनी जावे. सामूहिक पाठांतरावर समाधान न मानता प्रत्येक मुलाच्या हाती चार ओळींचा नवा मजकूर द्यावा आणि त्याचे वाचन स्वतः ऐकावे. सत्य काय ते तेथेच कळेल.

राष्ट्राच्या वैभवाची भाषणे पुष्कळ झाली. ते वैभव ज्या ग्रंथांत नोंदले आहे, ते वाचणारा डोळाच तयार झाला नाही, तर हा वारसा सांभाळणार कोण?