अळीनं पासवर्ड क्रॅक केला!

जानेवारीतल्या एका गुरुवारी चक्क हाफ डे टाकला आणि छावणीच्या बाजारात मामाला गाठलं. तो गंगापूर तालुक्यातून बैल बघायला आला होता. चहा घेताना विचारलं, "यंदा कापूस किती?"

"निम्माच. बाकी मका."

मामाला २०१७ची धास्ती आहे. त्या साली बोंडं बाहेरून एकदम टकाटक आणि आत गुलाबी अळी. वेचणीला निघाली ती नुसती कवडी!

पण ती कपाशी तर बीटी होती ना? तसं कपाशीचं झाड मुळातच काही बिचारं नाही. पानांवर दाट लव असली की तुडतुड्यांचं फारसं जमत नाही. अंगावरच्या बारीक काळ्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचं विषारी रसायन. त्यात भारतात २००२ला जिवाणूचं एक जनुक आलं, २००६ला दुसरं. हिरवी बोंडअळी त्यानं बऱ्यापैकी आवरली. गुलाबीनं मात्र दोन्ही पचवली.

फंडा असा, की हिरवी तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही खाते. तिचं निम्मं खानदान बीटीच्या वाटेला जातच नाही. गुलाबीचं जग म्हणजे जवळजवळ फक्त कापूस. सगळीकडे बीटीच असेल, तर वाचलेल्या पतंगाला जोडीदारही वाचलेलाच मिळणार, आणि पोरं जन्मतःच पक्की! म्हणून तर बीटीच्या बॅगेसोबत साध्या कपाशीची पुडी यायची. ती कडेनं निदान पाच ओळी लावायची. तिथल्या साध्या पतंगांशी या पैलवानांची लग्नं झाली, की त्यांची बहुतेक पोरं बीटी खाऊन मरणार.

"अळ्यांसाठी रान सोडायचं का? लोकं हसले असते ना!" मामा म्हणाला. पुडी तशीच पडून राहिली. खरं सांगू? मीही तेच केलं असतं. आता साधं बी बॅगेतच मिसळून देतात, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

त्यात फरदड. डिसेंबरनंतरही पाणी देऊन कपाशी ठेवायची, चार पैसे जास्तीचे. अळीला तेवढीच आयती मेजवानी, वर एखादी पिढी बोनस. मामा आता डोमकळ्या दिसल्या की तोडतो आणि डिसेंबरात पऱ्हाट्या उपटतो.

"मग आता टेन्शन नाही ना?"

"शेजाऱ्याची उभी आहे अजून. पतंगाला कुठं बांध कळतो?"

"सांग ना मग त्याला!"

"मार्चमध्ये पोरीचं लग्न आहे त्याच्या," मामा म्हणाला आणि बैलांकडे वळला.