दहा लाखांत पाच

प्लास्टिकची पिशवी ज्या इथिलीनपासून बनते, त्यात नाफ्त्याच्या भट्टीतून साधारण एक टक्का ॲसिटिलीनही येतं. ते तसंच राहिलं तर पॉलिथिलीन बनवणारा उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून ते दहा लाखांत पाच भागांच्याही खाली आणावं लागतं.

हे काम पॅलेडियमचे नॅनोकण उत्प्रेरक म्हणून चोख करतात. ॲल्युमिनाच्या गोळ्यांवर बसलेले हे कण ॲसिटिलीनला हायड्रोजन जोडून त्याचंच इथिलीन करतात. इथिलीनचं पुढे इथेन होऊ नये म्हणून सोबतची चांदी या क्रियेला आवर घालते. अशुद्धी जाते आणि मालही वाढतो.

पॅलेडियम मात्र मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येतं. नागोठण्यासारखी पेट्रोकेमिकल केंद्रं असलेल्या महाराष्ट्राने वापरलेल्या उत्प्रेरकातला हा धातू परत मिळवणं कारखान्यांना बंधनकारक करायलाच हवं.