औषधाच्या कपाटाची किल्ली

प्रति,
मा. मंत्री व सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
तसेच सर्व मा. अधिष्ठाता व वैद्यकीय अधीक्षक



मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, शेवटची ९ वर्षं इन्चार्ज सिस्टर. औषधं काढून देणारी स्वयंचलित कपाटं आपल्या रुग्णालयांतही यावीत, असं मला मनापासून वाटतं. ती घाईने येऊ नयेत, यासाठी हे पत्र.

बोटाचा ठसा देऊन रुग्णाचं नाव निवडलं, की फार्मासिस्टने तपासलेल्या औषधाचाच कप्पा उघडतो. कोणी, कुणासाठी, किती वाजता, किती काढलं, सगळं आपोआप नोंदलं जातं. याचं मोल रात्रपाळी केलेल्या बाईला विचारा.

आमच्याकडे मॉर्फिनच्या अँप्यूल दर पाळीला मोजून घ्यायच्या, मोजून द्यायच्या, रिकाम्यासुद्धा. एका पहाटे एक कमी भरली. मी आणि माझी जोडीदारीण बॅटरी घेऊन कचऱ्याची बादली उपसत बसलो. अँप्यूल सापडली ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये, गॉजखाली. इंजेक्शन दिलेलं होतं, घाईत नोंद राहिली होती. तेवढ्या वेळात खिडकीकडच्या खाटेवरच्या आजींचं सलाईन संपून नळीत रक्त चढलं होतं. असं कपाट असतं तर तो अर्धा तास आजींना मिळाला असता.

आता दुसरी बाजू. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मोठ्या रुग्णालयात एका परिचारिकेने अशाच कपाटात औषधाच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. हवं होतं चिंता कमी करणारं ‘व्हर्सेड’. यंत्रात ते मिडाझोलाम या मूळ नावाने होतं, म्हणून सापडलं नाही. तिने ‘ओव्हरराइड’ केलं, म्हणजे फार्मासिस्टच्या तपासणीची अट ओलांडून कपाट उघडलं, आणि हाती आलं व्हेक्युरोनियम, श्वासाचे स्नायू लुळे पाडणारं औषध. रुग्ण दगावली. त्या काळात तिथे ओव्हरराइड रोजचंच झालं होतं, असं बचावात मांडलं गेलं. तरी फौजदारी खटला त्या एकटीवर चालला आणि २०२२ मध्ये ती दोषी ठरली.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. यंत्राला प्रत्येक गोळी सुटी, नाव-मुदतीसह बांधलेली लागते. आपण दहाची पट्टी कात्रीने कापतो. नाव एका तुकड्यावर राहतं, मुदत दुसऱ्यावर. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला, पण तो एकेका गोळीवर नसतो. गोळ्या नव्याने बांधायची सोय नसेल, तर लाखो रुपयांचं यंत्र कुलूपबंद खण होऊन बसेल. आणि भरणाऱ्याने कप्प्यात चुकीची अँप्यूल ठेवली, तर यंत्र तीच निमूट पुढे करेल.

म्हणून विनंती अशी:

१. सुरुवात अतिदक्षता विभाग, अपघात विभाग आणि मॉर्फिनसारख्या औषधांपासून करा.
२. यंत्राआधी रात्रपाळीला फार्मासिस्ट नेमा. डॉक्टरांची ऑर्डर तपासणारा माणूसच नसेल, तर रात्रभर ओव्हरराइडच चालेल.
३. ओव्हरराइडने काढता येणाऱ्या औषधांची यादी छोटी ठेवा, दर आठवड्याला तपासा. स्नायू लुळे पाडणारी औषधं वेगळ्या, झाकणाच्या कप्प्यात ठेवा.
४. निविदेत गोळ्या बांधण्याचं यंत्र, वीज गेल्यावरची सोय आणि देखभालीचा करार धरा. तिसऱ्या वर्षी बंद पडलेली यंत्रं आम्ही कापडाने झाकून ठेवलेली पाहिली आहेत.
५. वाचलेला वेळ रुग्णाच्या उशाशी जाऊ द्या. त्याच्या हिशोबावर परिचारिकांची पदं कमी करू नका.

निवृत्तीच्या दिवशी मी साठा मोजून, सही घेऊन कपाटाची किल्ली पुढच्या सिस्टरच्या हाती दिली. त्या सहीचा अर्थ आम्हा दोघींना ठाऊक होता: आता चूक झाली तर उत्तर तिने द्यायचं. ही किल्ली यंत्राकडे जाईल तेव्हा कप्पा भरणाऱ्याची, ऑर्डर तपासणाऱ्याची आणि यंत्र विकत घेणाऱ्याची सहीही त्या वहीत असू द्या. रात्री तीन वाजता कपाटासमोर उभी असलेली मुलगी एकटी पडता कामा नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका