मुलांचा लुळेपणा आणि शासनाचे कर्तव्य

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण आढळू लागले आणि आकडा दोनशेवर गेला. त्यात लहान मुलेही होती. संशय दूषित पाण्यावर गेला. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जंतू सापडला. पुण्यात ओरड झाली, केंद्राचे पथक आले, मोफत उपचार जाहीर झाले. पण हाच आजार मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील दलित वस्तीतल्या मुलाला झाला तर?

जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत मुलाचे पाय दुखतात, चालताना तोल जातो, लुळेपणा वर चढतो. जंतूशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटते. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे हे यावरचे उपचार आहेत. ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितके लवकर तितके बरे. वीस किलोच्या मुलाला साधारण चाळीस ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन लागते, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या. ऊसतोड मजुराने हा खर्च कुठून करावा? वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुले पुन्हा चालू लागतात. अंगारे-धुपारे करण्यात दिवस गेले तर मूल हातचे जाते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा आजार आहे. पण योजना कागदावर असून भागत नाही. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे हे औषध आणि मुलांसाठी व्हेंटिलेटर कायम उपलब्ध असलेच पाहिजेत. प्रत्येक मुलाला घाटीचा रस्ता दाखवून चालणार नाही. पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आला की पोलिओ निगराणीसाठी त्याची नोंद करावीच लागते. ती नोंद झाली त्याच दिवशी मुलाला उपचाराच्या ठिकाणी पोहोचविण्याची जबाबदारीही निश्चित करा.

ही भीक नव्हे. वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे कलम २१ चा भंग आहे आणि पैशांची चणचण ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ मध्येच बजावले. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे कलम ४७ नुसार शासनाचे प्राथमिक कर्तव्य आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. आज वस्तीला शुद्ध पाणी मिळते का, हे विचारणे त्याच लढ्याचा भाग आहे. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत पाणी तपासणीचा अहवाल मागावा, टँकरच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहावे. नळाशी सुरू झालेली हयगय मुलाच्या पायांपर्यंत पोहोचते, हे पुण्याने दाखवून दिले आहे.