डुबकी मारणारे शब्द

सध्या जिकडेतिकडे ‘इमर्सिव्ह’ची चलती आहे. चित्रांचं प्रदर्शन इमर्सिव्ह, गेम इमर्सिव्ह, आणि फ्रेंच शिकायचं तर म्हणे ‘इमर्शन’ कोर्स करा. म्हणजे नक्की काय करा? तर बुडा! लॅटिनमध्ये ‘मर्गेरे’ म्हणजे बुडवणं, डुबकी देणं. त्याला ‘इन’ चिकटला की इमर्स, ‘सब’ चिकटला की सबमर्ज. बुडालेलं पाण्याबाहेर डोकं काढतं, ते इमर्ज. आणि ध्यानीमनी नसताना जे असं वर येतं, ती इमर्जन्सी.

याच खानदानातला, पण टाय लावून ऑफिसात फिरणारा मेंबर म्हणजे मर्जर. ‘दोन कंपन्या एकत्र येत आहेत’ असा गोडगोड मेल येतो, केक कापला जातो. पण ‘मर्ज’ म्हणजे मुळात एकत्र येणं नव्हेच. इंग्लिश कायद्यात हा शब्द जमिनीच्या हक्कांसाठी वापरला गेला. समजा, भाडेकरूनेच घर विकत घेतलं. आता मालकीचा मोठा हक्क आणि भाडेपट्ट्याचा छोटा हक्क एकाच माणसाकडे आले, तर छोटा हक्क मोठ्यात मर्ज होतो. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६६ साली त्याचा अर्थ सरळ ‘बुडाला’ असाच लावला. बुडणार कोण हे आधीच ठरलेलं, धाकटा! तेव्हा मेल आला की केकआधी एवढं बघून घ्या, आपली कंपनी दोघींतली कुठली.

मर्गेरेची चुलत बहीण आपल्याही घरात आहे. संस्कृतातला ‘मज्ज्’ हा धातू त्याच मुळाचा. त्यातूनच आले मग्न आणि निमग्न. म्हणजे ‘इमर्स्ड इन वर्क’ आणि ‘कामात मग्न’ यांचं नातं थेट रक्ताचं. पाण्यात सूर मारणाऱ्या पक्ष्याला रोमन लोक ‘मर्गुस’ म्हणायचे, संस्कृतात त्याला ‘मद्गु’ म्हणतात. इंग्लिशमधला ‘डक’ वेगळ्या घरातला, पण लॉजिक तेच. आधी ‘डक’ म्हणजे बुडी मारणं, त्यावरून बदकाला नाव मिळालं.

बिस्किट चहात ‘डंक’ करतात तो शब्द पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन घरांतून अमेरिकन इंग्लिशमध्ये शिरला, मग बास्केटबॉलच्या कोर्टवर पोचला. माझा लाडका मात्र ‘ड्रेंच’. ‘ड्रिंक’चंच हे प्रयोजक रूप, म्हणजे आपल्याकडे पिणे आणि पाजणे आहे ना, तसं. गुरांना औषध पाजण्याला इंग्लिशमध्ये अजूनही ड्रेंच करणं म्हणतात. पावसात ड्रेंच होणारे आपण म्हणजे पाऊस पाजलेले!

आता जरा गंभीर. दर अनंत चतुर्दशीला इंग्लिश पेपरात ‘गणेश इमर्शन’ छापून येतं. बुडवणं दिसतं, म्हणून इमर्शन. पण ‘विसर्जन’ शब्दात पाण्याचा थेंब नाही! धातू ‘सृज्’, म्हणजे सोडणं, मोकळं करणं. विसर्जन म्हणजे निरोप. विधानसभा विसर्जित होते तेव्हा आमदारांना कुणी समुद्रात नेऊन बुडवत नाही (इच्छा कितीही असो). सत्यनारायणाच्या पूजेतही विसर्जन असतंच की. गणपतीचंही तसंच. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जराशी हलवली की निरोप झाला, पाणी त्यानंतरचं. ‘इमर्शन’ म्हटलं की हा निरोपच गायब होतो, उरतं फक्त पाणी. मग हौदात किंवा बाल्कनीतल्या बादलीत मूर्ती विरघळवणाऱ्या जोडप्याला ‘हे कसलं विसर्जन?’ असं शेजारच्या काकूंकडून ऐकावं लागतं. काकूंना सृज् धातू जरूर सांगा, पण मोदक खाऊन झाल्यावर.

हैदराबादला हुसेनसागरावर मात्र ‘इमर्शन’ अगदी फिट्ट बसतं. तेलुगूत विसर्जनाला ‘निमज्जनम्’ म्हणतात, आणि त्यात आहे आपला तोच मज्ज्.