पिवळा आणि निळा मिळून हिरवा, मग मोबाईलमध्ये लाल-हिरव्याचा पिवळा कसा? मुलांना रंग शिकवताना काय लक्षात ठेवायचं?

अंगणवाडीच्या भिंतीवर रंगांचा तक्ता असतो. ताई छडी ठेवतात, मुलं एका सुरात ओरडतात, 'लाऽऽल, पिवऽऽळा, हिरऽऽवा'. तेच मूल घरी आल्यावर आईने 'तो निळा डबा आण' म्हटलं की हिरवा डबा उचलतं. मग घरात चिंता सुरू होते. याला रंगच कळत नाहीत का? डोळ्यांत दोष आहे का? की अभ्यासात कच्चं आहे?

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. रंग ओळखणं आणि रंगाचं नाव सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परभणीसारख्या जिल्ह्यात तीन ते सहा वर्षांच्या असंख्य मुलांची पहिली शाळा अंगणवाडीच असते. त्यामुळे हा फरक समजून घेणं महत्त्वाचं आहे.

रंगाचं नाव अवघड का जातं?

'गाय' हा शब्द शिकणं सोपं, कारण गाय समोर उभी असते. 'लाल' मात्र एकटा कुठेच दिसत नाही. तो मिरचीत असतो, एसटीवर असतो, आजीच्या कुंकवात असतो. या सगळ्यांत सारखं काय आहे, ते मुलाला स्वतः शोधावं लागतं.

त्यात मराठीची आणखी एक गंमत आहे. शर्ट पिवळा, गाडी पिवळी आणि फूल पिवळं. रंग एकच, पण मुलाच्या कानावर तीन शब्द पडतात. घरी उर्दू बोलणारं मूल 'पीला', 'हरा' ऐकून आलेलं असतं. तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलली जाते. अशा मुलाला रंग माहीत असतो, फक्त त्याचं मराठी नाव नवीन असतं.

वाक्य कसं बोलतो यानेही फरक पडतो. मायकेल रॅमस्कर आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात असं दिसलं, की वस्तूचं नाव आधी आणि रंग नंतर सांगितला तर लहान मुलं रंगाचे शब्द जास्त चांगले शिकतात. हा अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचा आहे, पण मराठीत करून बघायला पैसे लागत नाहीत. 'लाल फुगा बघ' याऐवजी 'फुगा बघ, फुगा लाल आहे' एवढंच म्हणायचं.

आधी जोड्या, मग नावं

मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत रंगांच्या पहिल्या पेटीत फक्त तीन जोड्या असतात. लाल, पिवळा आणि निळा. मूल आधी सारख्याला सारखं लावतं. नंतर नावाच्या तीन पायऱ्या येतात. पहिली, 'हा लाल.' दुसरी, 'लाल कुठे आहे, दाखव.' आणि शेवटी, 'हा कोणता?' आपण बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि मूल अडखळलं की त्याला कच्चं ठरवतो.

महाराष्ट्रात हा विचार खेड्यापर्यंत नेला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डी इथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी काम केलं. महागडी साधनं परवडणार नाहीत, म्हणून पानं, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंनाच त्यांनी शैक्षणिक साधन केलं.

परभणीत ही पेटी कुठे मिळेल?

ती शेतातच आहे. काळी माती, पांढरा कापूस, हिरवी तूर. रब्बीत करडई फुलली की तिचं फूल आधी पिवळं असतं आणि सुकत जाताना केशरी-लाल होतं. एकाच झाडावर रंगाच्या छटा लावून ठेवलेल्या दिसतात. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या करडईच्या एका वाणाचं नावच 'परभणी कुसुम' आहे. करडईच्या पाकळ्यांतून पूर्वी कापड रंगवण्याचा रंग काढत. झाड काटेरी असल्याने पाकळ्या मोठ्यांनीच तोडून द्याव्यात.

रंग मिसळल्यावर नेमकं काय होतं?

पिवळा रंग प्रकाशातला निळा भाग शोषून घेतो. निळा रंग लाल भाग शोषतो. दोन्ही एकत्र आले की उरतो मुख्यतः हिरवा, आणि तोच डोळ्यांपर्यंत येतो. म्हणजे रंग मिसळताना प्रकाश वजा होत जातो. म्हणूनच सगळे रंग एकत्र केले की चिखलासारखा तपकिरी होतो.

मोबाईलच्या स्क्रीनवर उलटं घडतं. तिथे लाल, हिरवे आणि निळे बारीक दिवे असतात. लाल आणि हिरवा दिवा एकत्र लागला की पिवळा दिसतो, तिन्ही लागले की पांढरा. इथे प्रकाशाची बेरीज होते. स्क्रीन पांढरी ठेवून तिच्यावर पाण्याचा अगदी छोटा थेंब टाका. थेंब भिंगासारखं काम करतो आणि हे रंगीत ठिपके दिसू लागतात.

'लाल आणि निळ्याचा जांभळा' मात्र अनेकदा फसतो. साधा लाल रंग निळा प्रकाशही शोषतो, त्यामुळे मिश्रण मळकट होतं. लालऐवजी राणी रंग घेतला तर जांभळा खुलतो. मिसळताना आधी फिका रंग घ्यावा आणि गडद रंग थेंबाथेंबाने टाकावा.

हळद लाल होते, ते मिश्रण नव्हे

हळदीच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकला की ते लाल होतं. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. इथे दोन रंग मिसळलेले नाहीत, तर हळदीतल्या घटकाची रासायनिक क्रिया झाली आहे. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा, पण चुना वापरू नये. तो डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते.

काय टाळायचं?

शेंदूर मुलांच्या हाती देऊ नका. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग, आणि शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं. घराच्या भिंतींच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. घरात उरलेले जुने ऑइल पेंट त्याआधीचे असू शकतात. रांगोळी ही दगडाची बारीक भुकटी असते, ती फुंकू देऊ नये.

खरंच दोष असेल तर?

लाल-हिरव्यातला फरक न दिसण्याचा दोष मुलींपेक्षा मुलांमध्ये बराच जास्त आढळतो, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मूल नावं चुकतंय की जोड्याच चुकतंय, हे आधी बघावं. जोड्या बरोबर लागत असतील तर थोडा धीर धरावा. लाल-हिरव्याच्या जोड्याच सतत चुकत असतील तर नेत्रतज्ज्ञांकडे न्यावं. असं मूल बुद्धीने कमी नसतं. पुढे सिग्नल, नकाशे आणि काही नोकऱ्यांच्या वैद्यकीय चाचण्या त्याच्या वाटेत येणार असतात, म्हणून ते लवकर कळलेलं बरं.

मुद्दा वेळेचा आहे

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पाया मानलं. २०२३ पासून 'पोषण भी, पढाई भी' म्हणत अंगणवाडीत शिकवण्यावर भर आला. पण त्याच ताईंकडे आहार, वजन-उंचीच्या नोंदी आणि पोषण ट्रॅकरचं कामही आहे. एकेका मुलासमोर बसून 'लाल कुठे आहे, दाखव' म्हणायला पाच मिनिटं लागतात. तक्ता वाचून घेतला की एका मिनिटात सगळा वर्ग उरकतो. ताईंकडे वेळ नसेल तर त्या तक्त्याकडेच वळणार.

म्हणून अंगणवाडीला दरवर्षी नवा तक्ता देण्यापेक्षा सुरक्षित रंगांच्या बाटल्या, कोरे कागद आणि ताईंना नोंदींतून मोकळा असा रोजचा एक तास देणं जास्त उपयोगाचं ठरेल. हिरवा कशापासून होतो हे पाठ केलेलं मूल उत्तर देईल. स्वतःच्या बोटांनी हिरवा करून बघितलेलं मूल पुढचा प्रश्न विचारेल, आणि शिकणं तिथून सुरू होतं.